घाबरलेल्याची पारख

या, बसा. आज वाघ-सिंहांची गोष्ट नाही. आज बकरी आहे, घोडा आहे, माकडांची पिल्लं आहेत आणि एक महारागीट ससाणा आहे. आणि या सगळ्यांत वावरणारा एक मुलगा, आपल्या थोरल्याएवढा, चौदा वर्षांचा. मुलगा मी रचलेला आहे, हे आधीच सांगून टाकतो. अशा मुलांची खरी नावं गावभर करायची नसतात. तो ज्या शाळेत आला ती शाळा मात्र खरी, आणि शास्त्रज्ञांची जी जी कामं मी सांगेन तीही खरी.

शाळेचं नाव ग्रीन चिमनीज. न्यू यॉर्क शहराच्या उत्तरेला ब्रूस्टर म्हणून गाव आहे, तिथे. १९४७ साली सॅम्युएल रॉस नावाच्या एका तरुणाने घरच्यांच्या मदतीने तिथलं दुभत्या गाईंचं एक शेत घेतलं आणि मुलांसाठी निवासी शाळा काढली. जनावरं होती ती शेतावर असतात तशी. मुलांनी त्यांच्यात खेळावं, दूध कुठून येतं ते बघावं, एवढाच हेतू. पुढे तिथे मनाने पोळलेली मुलं येऊ लागली, आणि वर्गात तोंड न उघडणारं पोर गोठ्यात बडबडतं, हे शिक्षकांच्या ध्यानात यायला लागलं. मग शाळेचा गाभाच बदलला. आज तिथे बकऱ्या, मेंढ्या, गाढवं, घोडे तर आहेतच, शिवाय जखमी रानपाखरांचा दवाखाना आहे.

आपला मुलगा तिथे आला तेव्हा कसा होता? जेवायला बसला की भिंतीला पाठ लावून. ताटात वाढलं की चार घासांत संपवायचा. कुणी खुर्ची ओढली तरी दचकायचा. त्याचा बाप कमरेचा पट्टा काढायचा, हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. पाठीवरच्या वळांनी सांगितलं होतं.

"आजोबा, मग तो आधीच पळून का नाही गेला?"

धाकटीचा प्रश्न रास्त आहे. मोठी माणसंही तोच विचारतात, आणि विचारताना त्यांच्या आवाजात थोडा दोष असतो, तो मला आवडत नाही. याचं उत्तर मी उंदरांच्या पिल्लांकडून घेतो. उंदराचं पिल्लू जन्मतं तेव्हा डोळे मिटलेले, कान बंद. आई कळते ती वासावरून. रेजिना सलिवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पिल्लांना एक अनोळखी वास द्यायचा आणि त्याच वेळी विजेचा बारीकसा झटका. आपल्याला वाटतं, पुढच्या वेळी तो वास आला की पिल्लू लांब सरकेल. जरा मोठी झालेली पिल्लं सरकतातच. पण दहा दिवसांच्या आतली पिल्लं त्या वासाकडे सरपटत गेली! दुखत होतं, तरी जवळ गेली. मेंदूत बदामाच्या आकाराचा एक भाग असतो, अमिग्डला. भीतीचे धडे तो गिरवतो. या कोवळ्या वयात तो त्या धड्यात भागच घेत नाही.

निसर्गाचा हिशेब इथे निर्दय असला तरी सरळ आहे. पिल्लाला बीळ सोडता येत नाही, ऊब आईची, दूध आईचं. आईचा पाय अंगावर पडला म्हणून ते आईलाच भ्यायला लागलं तर दोन दिवसांत मरेल. म्हणून आधी चिकटायचं, घाबरायचं नंतर. स्वतःच्या पायांनी बिळाबाहेर पडायची वेळ आली की भीती शिकायची सोय चालू होते. माणसाचं पोर काही उंदीर नाही, त्याचं बालपण लांबलचक असतं आणि गुंताही मोठा. पण मारणाऱ्या हातालाच धरून राहणं हा त्या पोराचा मूर्खपणा नसतो, एवढं तरी हे पिल्लू आपल्याला सांगतं. आणि बोलता बोलता आठवलं म्हणून सांगतो, तुमच्या वर्गातल्या कुणाच्या घरी असं काही चालतंय असं कानावर आलं, तर १०९८ हा नंबर लक्षात ठेवा. मुलांसाठीच आहे, रात्री-अपरात्रीही लागतो. ही सेवा १९९६ साली आपल्या मुंबईतच सुरू झाली.

हं, तर आता त्या मुलाच्या डोळ्यांबद्दल. विस्कॉन्सिन विद्यापीठात सेथ पोलक म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी मुलांना संगणकावर चेहरे दाखवले. एक चेहरा रागावलेला, एक घाबरलेला किंवा उदास, आणि मधल्या पायऱ्यांवर दोन्हींची कमी-जास्त मिसळ. कुठल्या पायरीला मूल म्हणतं, "हा रागावलाय"? घरी मार खाल्लेली मुलं इतर मुलांच्या बरीच आधी म्हणाली. रागाची नुसती छटा त्यांना पुरते. बाकीचे भाव ओळखण्यात फारसा फरक नव्हता, फक्त राग. ज्या घरात बापाच्या भुवईवर रात्र कशी जाणार ते ठरतं, त्या घरातलं पोर भुवई वाचायला शिकतं. डॉक्टर मंडळी याला इजा म्हणतात, आणि इजा ती आहेच, कारण शाळेत शिक्षक नुसते विचारात पडले तरी हे पोर मारामारीच्या तयारीला लागतं. पण ती एक विद्याही आहे. भलत्या गुरूने भलत्या रीतीने शिकवलेली, तरी विद्या. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

पहिलं काम त्याला मिळालं बकऱ्यांचं. खुराकाची बादली घ्यायची, लेंड्या झाडायच्या, पाणी बदलायचं. पहिल्याच दिवशी त्याने एका बकरीच्या डोक्याकडे झपकन हात नेला. बकरी उडी मारून मागे. मुलगा हात तसाच धरून उभा. तो दचका त्याच्या चांगल्या ओळखीचा होता.

बकरीचा डोळा कधी जवळून पाहिलाय? नसेल पाहिला तर खाली गोठ्यात जाऊन बघा. बाहुली गोल नसते, आडवी फट असते, पत्राच्या पेटीला असते तशी. ज्यांना कुणीतरी खाणार असतं त्या चरणाऱ्या जनावरांचा डोळा असा आडवा, आणि दोन्ही डोळे डोक्याच्या बाजूंना. त्यामुळे मान न वळवता क्षितिजाची जवळजवळ सगळी रेघ तिला एका वेळी दिसते. आता गंमत. बकरी चरायला मान खाली घालते तेव्हा ही आडवी फट उभी व्हायला हवी, नाही का? होत नाही. २०१५ साली मार्टिन बँक्स आणि त्यांच्या सोबत्यांनी हे मोजून दाखवलं. मान खाली जाते तसा डोळा खोबणीत उलटा फिरतो, पन्नास अंशांपर्यंत, आणि बाहुली गवंड्याच्या पाणसळीतल्या बुडबुड्यागत जमिनीला समांतरच राहते. म्हणजे खातानासुद्धा पहारा चालू. आपला मुलगा भिंतीला पाठ लावून जेवतो तो काय वेगळं करतो?

तिथल्या कामावरच्या बाईंनी त्याला एवढंच सांगितलं, "समोरून येऊ नकोस, वरून हात नेऊ नकोस, खाली बस आणि तिला येऊ दे." तो बसला. बादली मांडीशी. बकरी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग एकदा पाठीमागून त्याच्या शर्टाची बाही कुणीतरी चघळायला लागलं, तेव्हा तो हलला नाही. श्वाससुद्धा हळू घेत होता. चौदा वर्षांच्या त्या मुलाने आपलं अंग एवढं सैल पहिल्यांदाच सोडलं असेल, आणि तेही कुणी "शांत हो" म्हणालं म्हणून नव्हे. बकरीला भीती वाटू नये म्हणून.

सगळंच असं गोड होतं असं समजू नका. मार खाल्लेली काही मुलं दुबळ्या जनावरावर हात उगारतात. जे आपल्यावर झालं ते दुसऱ्यावर करून बघतात. म्हणून अशा ठिकाणी मुलाला जनावराजवळ एकटं सोडत नाहीत, आणि सोडूही नये. जनावर म्हणजे औषधाची बाटली नव्हे, त्यालाही जीव आहे. माणसाला बरं करायच्या नादात त्याचे हाल झाले तर ती शुश्रूषा कसली?

बकऱ्यांनंतर घोडा. घोड्याच्या पाठीवर, मानेच्या मुळाशी, खांदे जिथे उंचावतात तो भाग माहितेय? दोन घोड्यांची मैत्री असली की ते तोंडाला शेपूट करून उभे राहतात आणि एकमेकांच्या नेमक्या त्याच जागी दातांनी हलकेच खाजवतात. फ्रान्समध्ये कामार्ग म्हणून दलदलीचा प्रदेश आहे, तिथल्या पांढऱ्या घोड्यांवर क्लाउडिया फे आणि एका सहकाऱ्याने १९९३ साली काम केलं. माणसाने हाताने त्या जागी खाजवलं तर घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात. दुसऱ्या जागी खाजवलं तर तसं होत नाही. म्हणजे घोड्याच्या अंगावर निसर्गाने विसाव्याची जागा ठेवून दिली आहे, आणि तिथे त्याचं स्वतःचं तोंड पोचत नाही! दुसरा कुणी लागतोच.

आपल्या अंगावरही अशी सोय आहे. केसाळ कातडीत, हाताच्या मागच्या बाजूला, पाठीवर, काही फार सावकाश चालणाऱ्या नसा असतात. टोचलं, भाजलं की ओरडणाऱ्या त्या नसा वेगळ्या. या नसा हळुवार कुरवाळल्यावर जाग्या होतात. स्वीडनमधल्या संशोधकांनी माणसांच्या नसांत केसाएवढी सुई ठेवून यांचं बोलणं ऐकलं. सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर या वेगाने हात फिरला की त्या सगळ्यांत जास्त बोलतात. त्याहून भराभर फिरवा किंवा रेंगाळवा, त्यांचं बोलणं कमी होतं. आणि आई बाळाच्या पाठीवरून हात फिरवते तो वेग मोजला तर तोच निघतो. कुणी शिकवलेलं नसतं. आपल्या मुलाच्या पाठीला मात्र पट्ट्याचाच वेग माहीत होता. घोडा मान वळवून त्याच्या दंडावर नाक घासायचा तेव्हा त्या झोपलेल्या नसांना काय वाटत असेल, याची तुम्हीच कल्पना करा.

"म्हणजे कुत्रं पाळलं की झालं?" असं थोरला विचारणार हे मला माहीत होतं, कारण त्याचा डोळा शेजारच्या पिल्लावर आहे. न्यू यॉर्कमध्येच बोरिस लेव्हिन्सन म्हणून एक बालमानसतज्ज्ञ होते. एका मुलाला त्याची आई ठरल्या वेळेच्या आधीच घेऊन आली, आणि लेव्हिन्सन यांचा कुत्रा, जिंगल्स, खोलीतच होता. मुलगा कुणाशी बोलत नसे. जिंगल्स धावत जाऊन त्याला चाटायला लागला आणि मुलाने त्याला मिठी मारली. लेव्हिन्सन यांनी पुढे जिंगल्सला कामावरच घेतलं म्हणायचं. १९६१ साली मानसशास्त्रज्ञांच्या सभेत त्यांनी हे मांडलं तेव्हा लोक हसले. फीमधला कुत्र्याचा वाटा किती, असंही कुणी विचारलं म्हणतात. पण जिंगल्स एकटा काही करत नव्हता. शेजारी लेव्हिन्सन बसलेले असत, हे विसरू नका.

आता माकडांकडे येऊ. ही गोष्ट सांगताना मला राग येतो, तरी सांगतो. विस्कॉन्सिनलाच, पोलक यांच्या बऱ्याच आधी, हॅरी हार्लो नावाचे शास्त्रज्ञ माकडांवर प्रयोग करत. तारेची आई आणि मऊ कापडाची आई यांचा त्यांचा प्रयोग तुमच्या पुस्तकात कधीतरी येईल. दूध तारेच्या आईकडे असलं तरी पिल्लू बिलगायचं कापडाच्या आईला. बिलगणं ही माकडाच्या पिल्लाची पहिली विद्या. आपल्याकडे हेमलकशाला प्रकाश आमट्यांनी प्राण्यांचं अनाथालय उभं केलं, त्याची सुरुवातही शिकार झालेल्या माकडिणीला घट्ट धरून बसलेल्या पिल्लापासूनच झाली.

हार्लो तिथे थांबले नाहीत. जन्मल्यापासून सहा महिने त्यांनी काही पिल्लांना अगदी एकटं वाढवलं. कुणाचा स्पर्श नाही, कुणाचं तोंड नाही. बाहेर काढल्यावर ती कोपऱ्यात स्वतःलाच मिठी मारून डोलत बसत. बरोबरीच्या वयाच्या माकडांत सोडलं तर मार खात. सगळ्यांना वाटलं, ही आता जन्माची गेली. इतकं क्रूर काम करायला नको होतं, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि आज ते कुणी करू देणारही नाही.

पण त्यानंतर हार्लो आणि स्टीफन सुओमी यांनी एक साधी गोष्ट करून पाहिली. त्यांनी डॉक्टर बदलला. या सहा महिन्यांच्या पोरांजवळ त्यांनी तीन महिन्यांच्या माद्या सोडल्या. तीन महिन्यांचं माकड काय करतं? त्याला भांडता येत नाही, दात दाखवायची अक्कल नाही. त्याला येतं एकच, जाऊन बिलगायचं. त्या चिमुरड्या कोपऱ्यात गेल्या आणि डोलणाऱ्या पोरांच्या पाठीला चिकटल्या. पोरं आधी आणखी आक्रसली. चिमुरड्या हटल्या नाहीत, त्यांना हटायचं असतं हे माहीतच नव्हतं! काही आठवड्यांत पोरांनी उलट हात धरला. मग त्या चिमुरड्या खेळायला शिकल्या तशी पोरंही त्यांच्याबरोबर पहिल्यापासून खेळ शिकली. वर्षाची झाली तेव्हा ती इतर माकडांतून चटकन वेगळी ओळखू येईनात. १९७२ साली हे छापून आलं आणि जन्माची गेली म्हणणाऱ्यांना शब्द मागे घ्यावे लागले.

मला या गोष्टीत सगळ्यांत मोलाचं काय वाटतं सांगू? त्या पोरांना सुधारायला कुणी शहाणं माकड गेलं नव्हतं. गेलं ते त्यांच्याहून लहान, ज्याची त्यांना भीती वाटण्याचं कारण नव्हतं.

तर आपला मुलगा आता थोडा बोलू लागला होता. समोरासमोर खुर्चीत बसून नव्हे. बाईंबरोबर तबेला झाडताना, दोघांची तोंडं खराट्याकडे असताना. शाळेत समुपदेशक होते, त्यांच्याकडे तो जात होताच. खरं काम तिथेच होतं. प्राण्यांच्या साथीने मुलं किती सुधारतात यावरचे बरेचसे अभ्यास छोटे आहेत, आणि बकरी कुणाचा खटला लढत नाही. पण बोलण्याचं दार तबेल्याकडून उघडलं, हेही तितकंच खरं.

मग एक दिवस खोक्यात घालून ससाणा आला. अमेरिकेतला लाल शेपटीचा ससाणा. पण शेपटी लाल नव्हती! पहिलं वर्ष त्यांची शेपटी तपकिरी, आडव्या पट्ट्यांची असते. लाल पिसं नंतर येतात. म्हणजे तोही पोरसवदाच. मोटारीला धडकून एक पंख मोडलेला. डॉक्टरांनी पंख अंगाशी घेऊन इंग्रजी आठच्या आकाराची पट्टी बांधली. पाखराची हाडं आपल्यापेक्षा लवकर सांधतात, तीनेक आठवड्यांत पुष्कळसं जमून येतं.

आणि इथे मुलाला मोठा धक्का बसला. बकरी आणि घोड्याने जे शिकवलं होतं ते सगळं इथे उलटं. कुरवाळायचं नाही. बोलायचं नाही. डोळ्याला डोळा द्यायचा नाही. रानपाखराच्या लेखी अंगावर पडलेला हात म्हणजे शिकाऱ्याची पकड, मग तो हात कितीही प्रेमळ असो. भीतीनेच अशी पाखरं दगावतात. ससाण्याचा सगळा कारभार नजरेचा, म्हणून डोक्यावर फडकं टाकून अंधार केला की तो शांत होतो. बरं करायचं ते पडद्याआडून. खायला उंदीर द्यायचा तोही केसांसकट, कारण न पचलेल्या केसांची गोळी करून ससाण्याला ती ओकून टाकायची असते. नुसतं मऊ मांस फार दिवस चालत नाही. (आपल्याकडे जखमी घार सापडली तर असले उद्योग घरी करू नका, वनखात्याला कळवा.)

मुलाचं काम, फटीतून बघायचं आणि वहीत लिहायचं. खाल्लं की नाही, गोळी टाकली की नाही. त्याने त्याहून जास्त लिहिलं. पिसं अंगाशी चापून ससाणा बारीक आणि ताठ झाला की तो घाबरलाय. डोकं पुढे, चोच उघडी, की चिडलाय. पिंजऱ्यापासून कितव्या पावलाला त्याचं अंग बदलतं, हे मुलाला दिसायचं, मोठ्यांना दिसत नसे. बापाच्या भुवया वाचून कमावलेली नजर होती ती. आणि एका दुपारी तो धावत बाईंकडे गेला. ससाण्याने पिसं फुलवली होती आणि एक पाय पोटाखाली घेतला होता. ससाणा एका पायावर उभा राहतो तेव्हा त्याला त्या जागी निर्धास्त वाटत असतं. बाईंनी येऊन बघेपर्यंत पाय खाली आला होता, पण त्यांनी वहीतली नोंद मानली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना स्वतःलाच तो तसा दिसला.

पट्टी सुटली. मग मोठ्या पिंजऱ्यात उडणं, मग पायाला लांब दोरी बांधून मोकळ्या रानात उडणं, कारण हाड सांधलं तरी बसून बसून छातीचे स्नायू गळालेले असतात. आणि मग एका सकाळी कातड्याचा जाड हातमोजा घालून बाईंनी ससाणा धरला, दोरी काढली. मुलाला मागे उभं राहायला सांगितलं होतं. ससाण्याने जाता जाता बाईंच्या मनगटावर, मोज्याच्या वर, एक ओरखडा काढला आणि गेला.

"आजोबा, त्याला तो मुलगा आठवत असेल का?"

सिअॅटलला जॉन मार्झलफ नावाच्या शास्त्रज्ञांनी विचित्र मुखवटा घालून कावळे पकडले आणि सोडून दिले. त्यानंतर कित्येक वर्षं तो मुखवटा घालून कुणीही गेलं की कावळे अंगावर ओरडायचे. पाखरं तोंडं लक्षात ठेवतात ती अशी. तेव्हा ससाण्याला आठवण राहिलीच असेल तर ती ओरखड्याच्या बाजूची. आभार-बिभार मानायला तो परत आला, अशी गोष्ट कुणी सांगितली तर विश्वास ठेवू नका.

"मग त्याने मुलाला दिलं काय?" थोरला हिशेबी आहे.

अरे, ससाणा कुणाला काही देत नसतो. आणि मुलाला विचारायला सवड कुठे होती? दुसऱ्याच दिवशी टोपलीत एक कासव आलं होतं, रस्ता ओलांडताना पाठीला तडा गेलेलं. कासवाचं कवच सांधायला महिनोन् महिने लागतात, कधी वर्षही. ती गोष्ट मोठी आहे. आधी जेवून घ्या.